इंजिनं दोन, स्वॉशप्लेट एक

शंकेखोर : ‘ध्रुव’चं कौतुक करायला माझी हरकत नाही, पण आधी तारखा बघू. बंगळुरूच्या एचएएलने पश्चिम जर्मनीच्या एमबीबी कंपनीचा सल्ला घेऊन हे हेलिकॉप्टर करायला घेतलं १९८४ मध्ये. पहिला नमुना उडाला ऑगस्ट १९९२ मध्ये. सैन्यदलांना यंत्रं मिळू लागली २००२ मध्ये. म्हणजे कागदापासून हातात पडेपर्यंत अठरा वर्षं. बरं, उशीर झाला तरी यंत्र पक्कं झालं म्हणावं, तर ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरच्या विमानतळावर तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले आणि तिन्ही सैन्यदलं व तटरक्षक दल यांच्याकडची मिळून तीनशेहून जास्त हेलिकॉप्टरं एकदम जमिनीवर बसवावी लागली. त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती दिसली नाहीत. लष्कराच्या आणि हवाई दलाच्या यंत्रांना उडायची परवानगी मिळाली मे महिन्यात. समुद्रावर उडणारी त्यानंतरही थांबूनच होती. साडेपाच टनांचं, दोन इंजिनांचं, बारा-चौदा माणसं नेणारं हेलिकॉप्टर जगात अनेक जण विकतात. ते घरी करण्याच्या हट्टापायी आपण नेमकं काय मिळवलं?

पुरस्कर्ता : अठरा वर्षं मोजलीत, तर त्या वर्षांत काय काय घडलं तेही मोजा. १९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन जवळजवळ उरलं नव्हतं. १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. ध्रुवसाठी ठरवलेलं अमेरिकी इंजिन तिथेच अडकलं. मग फ्रान्सच्या टर्बोमेकाचं टीएम-३३३ घेऊन पुढे जावं लागलं. हेलिकॉप्टरचं इंजिन बदलणं म्हणजे नुसतं नटबोल्ट काढून दुसरं बसवणं नव्हे. हवा आत घेण्याची वाट, गिअरबॉक्सला जाणारा दांडा, नियंत्रणं, वजनाचा तोल, सगळं पुन्हा तपासावं लागतं. त्यानंतर टर्बोमेकाबरोबरच मिळून ‘शक्ती’ इंजिन तयार केलं आणि २००७ मध्ये ध्रुव त्या इंजिनावर उडालं.

आणि ही मागणी तरी साधी होती का? सियाचेनच्या वीस हजार फुटांच्या आसपासच्या ठाण्यांवर जायचं, राजस्थानच्या उन्हात चालायचं आणि खाऱ्या वाऱ्यात जहाजावरही उतरायचं. एकाच सांगाड्यातून हे सगळं हवं होतं. त्याआधी एचएएल चेतक आणि चीता बनवत होतीच, पण आराखडे फ्रान्सचे आणि हात आपले. एखादा भाग अमुक जाडीचाच का, हे बनवणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. ध्रुवमध्ये पहिल्यांदा ते ठाऊक करून घ्यावं लागलं. बिजागऱ्यांशिवायचा रोटर घेतला. त्यात संमिश्र पदार्थांची लवचीकताच बिजागरीचं काम करते. त्याच ज्ञानावर पुढे शस्त्रसज्ज ‘रुद्र’ आलं, हल्ल्यासाठीचं ‘प्रचंड’ आलं. अठरा वर्षांत आपण हेलिकॉप्टर केलं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते करणारी माणसं तयार केली.

शंकेखोर : माणसं तयार झाली, हे मान्य. पण ‘घरचं’ म्हणजे किती घरचं? कॅगने २०१०च्या अहवालात दाखवून दिलं होतं, की प्रत्येक ध्रुवमध्ये वापरल्या जाणाऱ्या सामानाच्या किमतीपैकी जवळजवळ नव्वद टक्के सामान परदेशी पुरवठादारांकडून येत होतं. उद्दिष्ट होतं निम्मं देशी करण्याचं. म्हणजे परावलंबन संपलं नाही, त्याचे फक्त तुकडे झाले. पूर्वी अख्खं यंत्र एका विक्रेत्याकडून यायचं आणि बिघडलं तर त्याची मान धरता यायची. आता शंभर ठिकाणांहून सुटे भाग येतात आणि जबाबदारी मात्र आपल्या गळ्यात.

एकच सांगाडा सगळ्यांना पुरवण्याच्या नादाचंही ऐका. नौदलाला हेलिकॉप्टर जहाजावरच्या अरुंद हँगरात ठेवावं लागतं, म्हणून पाती दुमडून रुंदी साडेतीन मीटरच्या आत यायला हवी. ध्रुवची पाती दुमडूनही ते जमेना. बिजागऱ्या नसलेल्या ज्या रोटरचं तुम्ही कौतुक करता, तो डोंगरात चपळ असतो, पण त्याची किंमत जहाजावर मोजावी लागली. बाहेर विकायला गेलो तर इक्वेडोरने सात घेतली, त्यांपैकी चार कोसळली आणि २०१५ मध्ये त्यांनी करारच मोडला. चारपैकी काही चुका वैमानिकांच्या असतील, असू द्या. पण ज्या गिऱ्हाइकाला देशाभिमानाचं बंधन नव्हतं त्याने काय ठरवलं, ते आपल्यासमोर आहे.

पुरस्कर्ता : इक्वेडोरचा धडा मी झटकून टाकत नाही. यंत्र विकलं आणि त्याच्यामागे प्रशिक्षण, सुटे भाग, देखभाल यांची फळी तितकीच मजबूत उभी केली नाही, तर असंच होणार. पण विकत घेतलं की सुटलो, या तुमच्या गृहीतकाला आपलाच इतिहास छेद देतो. बॉम्बे हायला तेल लागलं १९७४ मध्ये. समुद्रात दीडशेहून अधिक किलोमीटर आत माणसं रोज न्यायची-आणायची, म्हणून १९८५ मध्ये पवन हंसची स्थापना झाली. ताफ्यासाठी फ्रान्सची डॉफिन आली आणि त्यांच्याबरोबर ब्रिटनची एकवीस वेस्टलँड-३०. तीही दोन इंजिनांची, मध्यम आकाराची. पैसा बहुतेक ब्रिटिश मदतीचाच होता, कारण त्या कंपनीला ऑर्डर मिळवून देणं तिथल्या सरकारला हवं होतं. पुढे काय झालं? दोन जीवघेणे अपघात, सुट्या भागांची रड, आणि १९९१पर्यंत सगळी वेस्टलँड जमिनीवर. मूळ कंपनीनेच ते मॉडेल सोडून दिलेलं. ती हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेवटी कवडीमोलाने गेली.

वेस्टलँडच्या बाबतीत तुम्ही कोणाची मान धरली असती? ज्याने यंत्र बनवलं त्यालाच ते नकोसं झालं होतं. ध्रुवमध्ये दोष निघाला तर तो शोधायला आपल्याला कोणाच्या दारात ताटकळावं लागत नाही. २०२३च्या मार्चमध्ये नौदलाचं ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावं लागलं, त्याच महिन्यात तटरक्षक दलाचं कोचीला पडलं, मे महिन्यात लष्कराचं किश्तवाडला. नियंत्रणाच्या दांड्यांत कच्चेपणा दिसला, तेव्हा ॲल्युमिनियमच्या दांड्या काढून पोलादी बसवल्या. हे आपण केलं, आपल्या कारखान्यात केलं. परदेशी यंत्र असतं तर एवढ्या बदलासाठी आधी करारनामा उघडावा लागला असता.

शंकेखोर : दांड्या बदलल्या, आणि पावणेदोन वर्षांनी पोरबंदरला स्वॉशप्लेट गेली. म्हणूनच मला त्या ‘दोन इंजिनं’ या शब्दांची भीती वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं, एक बंद पडलं तर दुसरं आहेच. अर्धं खरं आहे. मैदानावर, बेताच्या ओझ्यासह, एका इंजिनावर परत येता येतं. पण उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पात्यांनाही पकड कमी मिळते. तिथे तरंगत राहायला दोन्ही इंजिनं पूर्ण कामाला लागलेली असतात. सियाचेनवरचं दुसरं इंजिन राखीव नसतं. उलट दोन आहेत म्हणून दोघांपैकी एक बंद पडण्याची शक्यताही वाढते.

आणि इंजिनांच्या वर काय आहे ते बघा. दोन्हींची ताकद जाते एकाच मुख्य गिअरबॉक्समध्ये. तिथून एकच मास्ट, म्हणजे रोटर फिरवणारा खांब, वर जातो. त्या मास्टभोवती असते स्वॉशप्लेट. जात्याची खालची तळी स्थिर आणि वरची फिरती असते, तसाच हा जोड. फक्त मधे बेअरिंग असतं. वरची तबकडी मास्टबरोबर फिरते आणि तिच्यातून प्रत्येक पात्याला एक दांडी जाते. वैमानिकाने डाव्या हाताचा दांडा उचलला की अख्खा जोड वर सरकतो, सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो, यंत्र उचललं जातं. उजव्या हाताची कांडी पुढे ढकलली की जोड कलतो. पातं एका बाजूला असताना त्याचा कोन वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा, आणि यंत्र पुढे निघतं. रोटरचे मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे होतात, म्हणजे तासाला अठरा हजारांच्या घरात. प्रत्येक फेऱ्यात तो धातू ताणला जातो, सैल होतो, पुन्हा ताणला जातो. पोरबंदरच्या अपघातात खालच्या, न फिरणाऱ्या तबकडीला तडा गेल्याचं समोर आलं. ती गेली की वैमानिकाच्या हातात फक्त दांडे उरतात, पात्यांशी त्यांचा संबंध उरत नाही. तेव्हा दोन्ही इंजिनं व्यवस्थित चालू असली तरी त्यांचा उपयोग काय?

पुरस्कर्ता : तुम्ही सांगितलेलं शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच ते ध्रुवविरुद्धचं कारण ठरत नाही. हा हेलिकॉप्टर नावाच्या यंत्राचाच स्वभाव आहे. २९ एप्रिल २०१६ला नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ सुपर प्यूमा ईसी-२२५चा मुख्य रोटर उडत्या यंत्रापासून सुटून निघून गेला. तेल क्षेत्रावरून परतणारे सगळे तेरा जण ठार झाले. दोन इंजिनं, युरोपातली नामांकित कंपनी, हजारो तासांचा अनुभव, सगळं होतं. गिअरबॉक्समधल्या एका दंतचक्राला धातूच्या थकव्याने आतल्या आत तडा गेला होता. त्याआधी २००९ मध्ये स्कॉटलंडजवळ याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स असाच फुटून सोळा जण गेले होते. म्हणजे पहिल्या इशाऱ्यानंतर सात वर्षांनी पुन्हा तेच.

आपल्या किनाऱ्यावरचं बघा. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून निघालेलं डॉफिन डहाणूजवळ समुद्रात कोसळलं, ओएनजीसीच्या अधिकाऱ्यांसह सातही जण गेले. जून २०२२ मध्ये सिकोर्स्की एस-७६ ‘सागर किरण’ रिगजवळ पाण्यात उतरलं, नवांपैकी चौघे गेले. दोन्ही आयात केलेली, दोन्ही दोन इंजिनांची. जोडीचा भाग बसवता येतो तिथे बसवतात, जिथे बसवता येत नाही तिथे तपासणीचं वेळापत्रक कडक करतात. आणि यंत्र जितकं उडेल तितकं ते वेळापत्रक शहाणं होत जातं. रशियाच्या मि-८चा पहिला नमुना १९६१ मध्ये एका इंजिनावर उडाला, पुढच्या वर्षी त्याला दोन लावली. त्या घराण्याची बारा हजारांहून अधिक हेलिकॉप्टरं झाली, आणि आज आपण त्याला भरवशाचं म्हणतो ते त्या सगळ्यांच्या उड्डाणांमुळे. ध्रुवची संख्या अजून शेकड्यांतच आहे. त्याला वय येऊ द्या.

शंकेखोर : तुरॉयचं नाव तुम्ही घेतलंत ते बरं झालं, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे. त्या अपघातानंतर तुटलेल्या दंतचक्राचे तुकडे समुद्राच्या तळातून शोधून काढले. तडा कुठे सुरू झाला, आतून कसा पसरला, गिअरबॉक्समधल्या धातूचे कण पकडणाऱ्या यंत्रणेला तो का दिसला नाही, हे नॉर्वेच्या तपास मंडळाने २०१८च्या अंतिम अहवालात छायाचित्रांसकट मांडलं. रिगवरच्या वेल्डरलाही तो वाचता आला. त्याआधीच, २०१७ मध्ये, ब्रिटन आणि नॉर्वेने त्या हेलिकॉप्टरवरची बंदी उठवली होती. पण कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी त्यात बसायला नकार दिला आणि उत्तर समुद्रात ते पुन्हा रुजलं नाही. यंत्र सुरक्षित आहे असं सरकार म्हणत होतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे बसणारा स्वतः ठरवत होता.

आता आपल्याकडची रचना बघा. ध्रुव बनवणारी एचएएल संरक्षण मंत्रालयाखाली. लष्करी विमानांना उड्डाणयोग्य ठरवणारी सेमिलॅक ही संस्था डीआरडीओची, म्हणजे तेच मंत्रालय. वापरणारी सैन्यदलंही तिथलीच. चौकशी बसते तीही त्याच छपराखाली. मी कोणाच्या सचोटीवर शंका घेत नाही. पण बनवणारा, तपासणारा, वापरणारा आणि चौकशी करणारा एकाच घरातले असले की घरातली गोष्ट घरात ठेवावी असंच सगळ्यांना वाटतं. स्वॉशप्लेटबद्दल तुम्हाला-मला जे कळलं ते बातम्यांमधून, तुकड्यातुकड्यांनी. दोष शोधायला कोणाच्या दारात जावं लागत नाही, हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त सापडलेला दोष दाराबाहेरही येत नाही.

पुरस्कर्ता : लढाऊ कामाच्या यंत्राचा कच्चा दुवा वर्तमानपत्रात छापावा, असं देश सहसा करत नाहीत. आणि घर एक असलं तरी घरात भांडणं असतातच. पाती दुमडूनही ध्रुव हँगरात मावत नाही हे नौदलाने तोंडावर सांगितलंच की. पोरबंदरनंतर तीनशेहून जास्त यंत्रं महिनोन्‌महिने उभी ठेवली. सीमेवर तणाव असतानाचा तो काळ होता, आणि सगळंच लपवायचं असतं तर इतका जाहीर, इतका गैरसोयीचा निर्णय कोणी घेतला नसता. सागरी यंत्रांना वेगळं थांबवलं, खाऱ्या हवेचा आणि जहाजावरच्या वापराचा जोडावर काय परिणाम होतो ते स्वतंत्रपणे तपासायला घेतलं.

तुम्हाला बाहेरचा डोळा हवा असेल तर तो येतोच आहे. ध्रुवची नवी नागरी आवृत्ती, ‘ध्रुव एनजी’, बॉम्बे हायच्या माणसांची ने-आण करण्यासाठी वापरायचा करार २०२५ मध्ये पवन हंस आणि ओएनजीसी यांच्यात झाला. नागरी यंत्र म्हटलं की नागरी विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीजीसीएचं प्रमाणपत्र आलं आणि अपघात झालाच तर विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एएआयबीचा तपास आला. त्यांचे अहवाल संकेतस्थळावर पडतात, कोणीही वाचावेत. चार दशकांपूर्वी ज्या कामासाठी आपण वेस्टलँड आणली, त्याच कामाला आता घरचं यंत्र लागतंय. तुम्हाला हवा असलेला उजेड नागरी वापरामुळेच आत येईल.

शंकेखोर : म्हणजे उजेड पडावा म्हणून आधी रिगवरच्या माणसाने आत बसायचं! त्याला काय शिकवतात ते माहीत आहे ना? गोव्यात बेतूलला ओएनजीसीच्या केंद्रात हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं याचं प्रशिक्षण असतं. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा, आत पट्टे बांधून माणसं, आणि तो सांगाडा तलावात उतरवून उलटा करतात. डोकं खाली, नाकात पाणी, एक हात खिडकीच्या चौकटीवर. शिकवण असते ती ही, की हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, नाहीतर दिशा हरवते. मग खिडकी ढकलायची, पट्टा सोडायचा आणि ज्या हाताने चौकट धरली त्या हाताच्या मागे बाहेर पडायचं. ज्याला आपण उलट्या केबिनमधून निसटायला शिकवतो, त्याला केबिन उलटी होण्याची कारणं सांगायला का कचरतो? नॉर्वेचा कामगार नाही म्हणू शकला, कारण त्याच्या हातात कागद होता आणि पाठीशी संघटना होती. आपल्या कंत्राटी वेल्डरच्या हातात दोन्ही नाही. रिगवर जायचं तर समोर जे उभं असेल त्यात चढायचं.

पुरस्कर्ता : ही अट मला मान्य आहे, पण ती सगळ्यांना सारखी लावा. त्या वेल्डरला २०१८पूर्वी डॉफिनबद्दल आणि २०२२पूर्वी सिकोर्स्कीबद्दल काय सांगितलं होतं? परदेशी यंत्राच्या बाबतीत आपण कारखान्याच्या नावावर विश्वास ठेवतो आणि प्रश्न विचारत नाही. घरच्या यंत्राच्या बाबतीत निदान प्रश्न तरी सुचतात. हाही आत्मनिर्भरतेचा फायदाच समजा. पण एक सांगा, दोषांची सगळी उत्तरं मिळेपर्यंत यंत्र उभंच ठेवायचं म्हणालात, तर ती उत्तरं द्यायला लागणारे तास आणायचे कुठून? चाचणीच्या मंचावर धातू थकवता येतो. खारं वारं, घाईची उतरण, रात्रीचा पाऊस, नवखा हात हे सगळं एकत्र फक्त उड्डाणातच भेटतं. आणि न उडालेलं हेलिकॉप्टरही जीव घेतं. सियाचेनच्या ठाण्यावर फुप्फुसात पाणी झालेला जवान खाली आणायचा असेल, तर तुमचा सावधपणा त्याच्या कामाचा नाही.

शंकेखोर : त्या जवानाला आणायला जाणारा वैमानिक धोका पत्करतो, पण डोळे उघडे ठेवून. कोणता भाग कधी बदलला, कशाची तपासणी किती तासांनी, हे त्याला त्याच्या तुकडीत कळतं. तिथली गुप्तता मी समजून घेऊ शकतो, कारण ज्याचा जीव पणाला लागतो त्याच्यापासून ती नसते. जुहूहून निघणाऱ्या प्रवाशाची गोष्ट वेगळी. त्याचाही जीव पणाला लागतो, पण त्याला काहीच कळत नाही. म्हणून सैन्यासाठी चालून जाणारा नियम रिगसाठी चालणार नाही.

पुरस्कर्ता : पण रोटर तोच, गिअरबॉक्सची घडण तीच, स्वॉशप्लेटही त्याच घराण्याची. नागरी अहवालात तिचा कच्चा दुवा छापला की तो लष्करी यंत्राचाही छापला गेला. प्रवाशाचा हक्क आणि सैन्याची गरज एकाच सुट्या भागावर येऊन भिडतात. बनवावं की विकत घ्यावं हा आपला वाद केव्हाच मागे पडला. दुसऱ्याचं यंत्र घेतलं असतं तर ही निवड त्या देशाने आपल्या वतीने केली असती. स्वतः बनवलं म्हणून ती आता आपल्याला करावी लागणार आहे, आणि मला अजून दोहोंपैकी एक बाजू सोडायचा धीर होत नाही.

शंकेखोर : मला होतो, मी प्रवाशाची धरीन. पण पोरबंदरचा अहवाल उद्या पूर्ण छापला आणि परवा सियाचेनवरची उड्डाणं त्यापायी अडली, तर त्याचा जाब मला द्यावा लागेल, एवढं तुम्ही आज माझ्याकडून वदवून घेतलंत.